तायनाराची सही

ओस्मार बेकरीवाल्याच्या शर्टाला एकच खिसा होता आणि त्या खिशात त्याच्या मुलीचं ओळखपत्र असायचं. इतर बापेमाणसं तिथे पेन ठेवतात, सिगारेटी ठेवतात. "हरवते ती," असं तो कुणी विचारलं तर सांगायचा. तायनाराने आजवर काही हरवल्याचं मला तरी आठवत नाही. आई सोडली तर, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

मी नेउझा. आमच्या गावच्या नोटरी कचेरीत एकतीस वर्षं काउंटरवर बसते. गाव लहान, त्यामुळे जन्म, मरण, लग्न, खरेदीखत, सगळं ह्या एकाच काउंटरवर होतं. खरे नोटरी म्हणजे एवारिस्तो डॉक्टर. वकिलांना आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. त्यांना गुरांची भारी हौस, म्हणून आठवड्यातले चार दिवस ते शेतावर असतात. सही करायचा अधिकार त्यांनी मला देऊन टाकला आहे. त्याचा वेगळा पगार मात्र द्यायचा राहिला.

रोज सकाळी नऊ वाजता तायनारा पावाची टोपली घेऊन यायची. मार्चमध्ये तिला सोळा पूर्ण झाली. त्यानंतरच्या एका सोमवारी तिने चीजपाव माझ्यापुढे ठेवले, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि विचारलं, "मावशी, अठराच्या आधी घर सोडायचं असेल तर कायद्यात काय काय सोय असते?"

"कुणाला सोडायचंय?"

"माझ्या एका मैत्रिणीला."

"तुझ्या मैत्रिणीच्या भुवईला पीठ लागलंय. तेवढं पूस आधी."

ती हसली नाही. एप्रनच्या खिशातून तिने घडी घातलेला कागद काढला. जुइझ दे फोरा शहरातल्या सरकारी तंत्रशाळेत तिचा नंबर लागला होता, वसतिगृहासकट. रात्रशाळेत शिकून, दिवसभर भट्टीशी उभं राहून ह्या पोरीने ती परीक्षा कधी दिली देव जाणे. प्रवेशाचा शेवटचा दिवस शुक्रवार. खाली एक रिकामी रेघ होती, पालकाच्या सहीसाठी.

"बाबा म्हणाले, मी आंधळा नाही, मला कळतं कशावर सही करायची ते."

"आणि ती बालहक्क समिती? ती काय झोपलीय?"

"गेले होते. तिथले साहेब म्हणाले, बाप मारत नाही, उपाशी ठेवत नाही, मग तुझी तक्रार काय? मी सांगितलं, पहाटे साडेतीनला उठून भट्टी पेटवावी लागते. तर म्हणाले, म्हणूनच तर सहाला गरम पाव मिळतो आम्हाला."

मला तो साहेब माहीत आहे. रोज बारा पाव नेतो. मी कॉफी ओतली आणि बोटांवर मोजत सोयी सांगायला लागले, कारण राग आला की माझं तोंड जास्तच चालतं.

"पळून जाणं ही सोय नाही, ते आधीच सांगते. पोलीस आणून सोडतात. आता कायदा. अठरा पूर्ण होऊ द्यायची."

"दोन वर्षं आहेत, मावशी."

"नाहीतर विद्यापीठाची पदवी घ्यायची. पदवीधर झालीस की सज्ञान."

"सोळाव्या वर्षी?"

"कायदा करणाऱ्यांची पोरं हुशार असतील. नाहीतर कायमची सरकारी नोकरी. नाहीतर स्वतःचा धंदा, स्वतःच्या कमाईवर जगता येईल असा. बापाच्या भट्टीवर फुकट राबणं त्यात धरत नाहीत. नाहीतर लग्न."

तिने माझ्या अंगठीकडे पाहिलं. "तुम्ही तेच केलंत ना?"

"तेच केलं."

"कशी आहे ती सोय?"

मी तिला खोटं सांगणार होते, पण त्या पिठाने माखलेल्या तोंडाकडे बघून जमलं नाही. "माझा बाप तुझ्या बापापेक्षा वाईट होता. वाल्दिर मागणी घालायला आला तेव्हा मी त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही, त्याच्या मागचं उघडं दार पाहिलं. लग्न लागलं त्या दिवशी कायद्याने मी सज्ञान झाले. वाल्दिरला मात्र कुणी कळवलं नाही."

"आणखी काही नाही?"

"एक आहे. बापाने स्वतः इथे यायचं आणि मुलीला सज्ञान केल्याचा दस्त करून द्यायचा. आई हयात नसली की बापाची एकट्याची सही पुरते. कोर्ट नको, जज नको. अर्ध्या तासाचं काम. मग शाळेच्या त्या रेघेवरही तुझीच सही चालते."

"म्हणजे ज्याच्यापासून सुटायचंय त्याचीच सही."

"त्याचीच."

तिने कागदाची घडी घातली. मग टोपलीतलं फडकं बाजूला केलं. पावांच्या खाली एक पॅंट आणि दोन बनियन होते. "हे तुमच्याकडे ठेवू? घरी बॅग भरताना दिसली तर..." मी खालचा ड्रॉवर उघडला. त्यात मेलेल्या माणसांची जुनी रजिस्टरं असतात, तिथे कुणी हात घालत नाही. मंगळवारी एक स्वेटर आला, बुधवारी वह्या आणि सगळं भरून ठेवायला एक बॅग. ती कुठे जाणार होती तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं, पण ड्रॉवर भरत होता.

बुधवारी दुपारी ओस्मार आला. अंगाला अत्तर, हातात माझ्यासाठी नारळाचा केक. केक मी न उघडता बाजूला ठेवला.

"नेउझाबाई, पोरगी काय तो सज्ञानाचा दस्त म्हणतेय. आधी मी हसलो. पण मग आमच्या हिशेबनीसाला विचारलं, तर तो म्हणतो, अरे, चांगली गोष्ट आहे! म्हटलं, करून टाकू. पोरीची हौस."

"परत विचार करायचा असला तर करा, ओस्मारभाऊ."

"केला की. उद्या अकराला येतो."

गुरुवारी तायनारा केस धुऊन आली होती. मी तिला पीठ न लागलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ती बापाच्या शेजारी खुर्चीत बसली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, देवाला एखाद्या दिवशी चांगलं वागावंसं वाटत असेल. ओस्मारने खिशातून ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. त्यावरचं बोट काही लगेच उचललं नाही. मी ओढून घेतलं.

पहिल्यांदा सहीचं कार्ड. आमच्याकडे कुणाचीही सही खरी धरायची तर आधी तिचा नमुना कचेरीत ठेवावा लागतो. तायनाराने कार्डावर तीन वेळा सही केली. तिन्ही सह्या अगदी एकसारख्या आल्या. पिठाच्या रिकाम्या पिशव्यांवर सराव केला असणार.

"आणि हे पण आजच घ्या," ओस्मारने पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला. "पोरगी सज्ञान झाली की लगेच."

मी तो चाळला. बेकरी तायनाराच्या नावावर. आणि तिच्या वतीने सगळे व्यवहार करायचा, सह्या करायचा अधिकार ओस्मारला. अशा माणसाला आमच्याकडे संत्रं म्हणतात. नाव त्याचं, रस दुसऱ्याचा, आणि बुडालं की साल ह्याच्या गळ्यात. ओस्मारचं स्वतःचं नाव कर्जांपायी केव्हाच काळ्या यादीत गेलं होतं. मग त्याने बायकोचं वापरलं.

ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण लिंदाल्वाने, तायनाराच्या आईने, ती सही माझ्यापुढेच केली होती. आमच्याकडचा नियम आहे, दस्त पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या. सगळेच कारकून तो भराभर उरकतात. त्या दिवशी मीही लिंदाल्वाचा कागद मान वर न करता, एका दमात वाचला होता. बारा वाजत आले होते आणि बाहेर वाल्दिर हॉर्न वाजवत होता. ती "हो, हो" म्हणाली आणि सही करून गेली. दोन वर्षांत कोर्टाच्या नोटिसा सुरू झाल्या, तिच्या नावाने. भट्टीपाशी उभ्या उभ्याच ती गेली तेव्हा तायनारा अकरा वर्षांची होती. त्यानंतरही नोटिसा येत राहिल्या, आणि दार उघडून बेलिफाला "आई वारली" असं सांगायचं काम त्या पोरीकडे होतं.

"हे काय आहे, बाबा?" तायनाराने विचारलं.

"काही नाही गं. बेकरी तुझ्या नावावर होतेय. मालकीण होणार तू!"

"आणि शाळा?"

"जाशील, जाशील. हे जरा मार्गी लागू दे. पुढच्या वर्षी बघू. मालकीणच नसेल तर भट्टी कोण बघणार?"

त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, लेकीला आंदण देतोय. तायनाराने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईच्या नोटिसा तिनेच घेतल्या होत्या, हा कागद काय आहे ते तिला वाचून कळायची गरज नव्हती.

"मग मला नकोच तो दस्त," ती म्हणाली आणि खुर्ची मागे सारून उठली. "चला बाबा, घरी जाऊ. मला सज्ञान व्हायचं नाही."

आता काय सांगू. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बस खाली, वेडे, दोन कागद वेगळे आहेत, पहिला कर आणि दुसरा करू नकोस! पण दस्त चालू असताना काउंटरच्या ह्या बाजूने कुणालाही सल्ला द्यायचा नसतो. माझी नोकरी जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे ओस्मार दोन्ही कागद उचलून निघून गेला असता. मला फक्त एकच गोष्ट करता येत होती, आणि ती करायला नियमाची आडकाठी नव्हती.

"बस खाली," मी म्हणाले. "वाचून दाखवल्याशिवाय इथे कुणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"वाचा हो, वाचा," ओस्मार म्हणाला आणि मोबाइल काढून बसला. "कोण ऐकतंय म्हणा."

मी चष्मा पुसला. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा, शब्दन् शब्द सुटा करून वाचायला लागले. तारीख. नावं. गाव. आई मृत. ओस्मारला दारातून कुणीतरी हाक मारली, तो तिकडे वळून फुटबॉलबद्दल काही बोलला. मी थांबले नाही.

"आजपासून ती आपल्या सर्व बाबतींत स्वतः निर्णय घेण्यास मोकळी आहे. तिने कुठे राहावे हे ठरवण्याचा, तिच्या वतीने सही करण्याचा अथवा तिला सही करावयास लावण्याचा अधिकार वडिलांना राहणार नाही. दस्ताची नोंद झाल्यावर ही मोकळीक वडिलांना कोणत्याही कारणाने मागे घेता येणार नाही."

तायनारा जमिनीकडे बघत होती. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, जणू ओळ चुकली होती. तिची मान हळूहळू वर आली.

"मावशी, ते शेवटचं परत वाचाल?"

"पक्षकाराने मागितलं तर वाचावंच लागतं," मी म्हणाले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"ऐकू येत नाही का गं तुला?" ओस्मार मोबाइलमधून म्हणाला.

"आलं आता," ती म्हणाली.

तिने खुर्ची पुढे ओढली. आधी ओस्मारने सही केली, शेपटीवाली, निम्मं पान खाणारी. मग तायनाराने केली, कार्डावरच्यासारखीच. मग मी. शिक्का मारला, आणि गाव लहान असल्याचा एवढा एक फायदा, की नोंदीचं रजिस्टर माझ्याच मागच्या फळीवर असतं. मी ते काढलं, नोंद लिहिली, क्रमांक घातला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. ओस्मारने घड्याळ बघितलं.

"आता हा घ्या," त्याने गठ्ठा पुढे सरकवला.

मी तायनाराकडे वळले. आपल्या नावाने सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा असतो. लिंदाल्वालाही मी तो विचारला असणार, दारातल्या हॉर्नकडे कान ठेवून.

"तुम्ही ह्या कागदांवर स्वखुशीने सही करता आहात का?"

तुम्ही म्हटल्यावर ती दचकली. मीही दचकले. तान्ही होती तेव्हापासून ओळखते तिला.

"नाही," ती म्हणाली.

ओस्मार हसला. मग त्याचं हसू थांबलं. "नाटकं नकोत. कर सही."

"नाही, बाबा."

"नेउझाबाई, सांगा तिला! बाप आहे मी तिचा!"

"आहातच. जन्माच्या रजिस्टरात लिहिलंय, ते कुणी खोडत नाही."

"मग मी सांगतोय, सही कर!"

"तसं सांगायचा अधिकार तुम्ही दहा मिनिटांपूर्वी सोडलात, ओस्मारभाऊ. मी मोठ्याने वाचलं. तीन वेळा."

"मग फाडा तो कागद!"

"नोंद झाली."

तो उभा राहिला आणि काउंटरवर इतक्या जोरात हात आपटला की शिक्का खाली पडला. मी घाबरले, लपवून काय करायचं. मग त्याने हात उताणा केला आणि माझ्यापुढे धरला. "ओळखपत्र द्या."

ते माझ्या हातात होतं. समोर दोन हात नव्हते, एकच होता. तायनाराने आपला पुढे केलाच नव्हता. तिने ते कधी मागितलंच नव्हतं, सोळा वर्षांत. बापाचा खिसा हीच त्याची जागा, असंच तिच्या अंगवळणी पडलं होतं. माझाही हात सवयीने त्याच्याकडे निघाला होता, खोटं सांगत नाही. मध्येच मी तो वळवला, काउंटरवरून वाकले आणि ओळखपत्र तिच्या मांडीवर ठेवलं.

ती त्या ओळखपत्राकडे बघत राहिली. मग तिने त्यावर मूठ मिटली.

ओस्मार खुर्चीत बसला. आता तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "पहाटे मला कोण उठवणार?"

त्या एका वाक्याने सगळं गेलं असतं. तिचा चेहरा मी बघत होते. तिचे ओठ उघडले आणि तिच्या खांद्यांवर मागचं सगळं ओझं पुन्हा येऊन बसल्याचं मला दिसलं. मारणाऱ्या बापापेक्षा असा बाप सोडणं कठीण, हे मला तेव्हा कळलं. शिक्का उचलायचं निमित्त करून मी खाली वाकले, खालचा ड्रॉवर उघडला आणि तिची बॅग काउंटरवर ठेवली. पर्समध्ये पैसे होते तेवढे त्यात कोंबले.

"पावणेबाराची बस आहे," मी कुणाकडेही न बघता म्हणाले.

तिने बॅग घेतली. दारापर्यंत गेली आणि वळली. "अलार्म लावा, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण ती गेली. बुधवारची तिची रिकामी टोपली काउंटरवरच राहिली.

बस सुटल्याचा आवाज आला तरी ओस्मार बसूनच होता. मग उठला, गठ्ठा पिशवीत घातला. टोपली घेतली. दारात जाताना त्याने सवयीने खिशावर हात ठेवून चाचपलं.

कचेरीत कुणी नव्हतं. मी रजिस्टर जागेवर ठेवायला उठले आणि कधी नव्हे ते त्याच्या शेजारचं लग्नाचं जुनं रजिस्टर काढलं. माझं पान मला पाठ आहे. वाल्दिरची सही, माझ्या बापाचा अंगठा, आणि खाली माझी सही, गोल गोल अक्षरांची, नुकतीच शिकलेली. त्या दिवशीही कारकुनाने वाचून दाखवलं असणार. काय वाचलं त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मी दाराकडे बघत होते.

बाहेर दोनदा हॉर्न वाजला. बारा वाजले होते. मी रजिस्टर मिटलं, कुलूप लावलं.

"आज इतका वेळ?" वाल्दिर मोटरसायकल चालूच ठेवून म्हणाला.

"एक मुलगी घर सोडून गेली."

"कुणाची?"

"ओस्मारची."

"आणि बापाने जाऊ दिलं?"

"सही करून."

वाल्दिर खदाखदा हसला. "मूर्ख आहे," तो म्हणाला. "चल, भात गार होतोय."

पावणेबाराची बस पुलापलीकडे गेली होती, तिच्या चाकांचे माग अजून धुळीत होते. मी पर्स खांद्याला लावली. ती अगदीच हलकी लागत होती. मी त्याच्या मागे बसले.

"नीट धरून बस," वाल्दिर म्हणाला आणि मी धरून बसले.